दिवेलागणीचं वेळापत्रक

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी फ्रिजच्या दारावर वर्षभर एक कार्ड चिकटवलेलं असतं. रमजानचं टाइमटेबल. मिरजेतला कुणीतरी दुकानदार ते छापून फुकट वाटतो. वर चांदतारा, खाली त्याच्या दुकानाचा पत्ता आणि मध्ये तीस ओळी. सहेरी कधी संपते, इफ्तार किती वाजता. रमजान संपतो, ईद होऊन जाते, कार्ड मात्र तिथंच राहतं. त्याचा कोपरा पिवळा पडतो, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिला जातो. तेव्हा घर वेळापत्रकावर चालू शकतं, हे आम्हाला कुणा संगणकवाल्यानं येऊन सांगायची गरज नव्हती.

तरी तो आला. संगणकवाला म्हणजे आमचाच मुलगा. पुण्यात नोकरी करतो. २०२४ च्या जूनमध्ये बकरी ईदला घरी आला, तो बॅगेत कपड्यांपेक्षा डब्या जास्त घेऊन. पहिला दिवस ईदचा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गल्लीतल्या वायरमनला बोलावलं आणि दोघांनी मिळून घरातले बोर्ड खोलले. बटणांच्या मागे काडेपेटीएवढे चौकोनी तुकडे बसवले. गिझरला एक जाडजूड प्लग लावला. टीव्हीच्या मागे पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक ठेवला. त्याला रास्पबेरी पाय म्हणतात. त्याच्यात होम असिस्टंट नावाची प्रणाली घातली. २०१३ मध्ये पाउलस स्खाउटसेन या डच प्रोग्रामरनं ती सुरू केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी वाढवली. फुकट मिळते. फुकट म्हटल्यावर मी विरोध मागे घेतला.

संध्याकाळी त्यानं मला शेजारी बसवलं. ‘अब्बा, सोपं आहे. प्रत्येक नियमाचे तीन भाग. काय घडल्यावर, कोणत्या अटीवर, काय करायचं. सूर्य मावळला की, घरात कुणी असेल तर, पोर्चमधला दिवा लाव.’ मला ऐकून बरं वाटलं. हे तर व्याकरण होतं. जेव्हा-तेव्हा, जर-तर. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नव्हती.

मुलगा पुण्याला गेला आणि घरातले दिवे माझ्या ताब्यात आले.

मी पहिला नियम लिहिला तो घड्याळावर. संध्याकाळी ७ वाजता पोर्चचा आणि बाहेरच्या खोलीचा दिवा लावायचा. मुलगा सूर्यास्त म्हणाला होता, पण घड्याळ मला जास्त भरवशाचं वाटलं. जून-जुलैत अगदी झकास चाललं. महिन्याभरात आमचे हात बटणाकडे जायचे थांबले. मग पावसाळा सरला, दिवाळी झाली, नोव्हेंबर निम्मा उलटला, आणि एका संध्याकाळी मी घरी आलो तर सगळं घर काळोखात. अम्मी मगरिबच्या नमाजाला उभी होती. पत्नी स्वयंपाकघरात होती, तिथं फक्त एक दिवा. दोघींनाही आपण उठून बटण दाबावं असं सुचलं नव्हतं. दिवा सातला लागतो ना, मग सातला लागेल.

आमच्या घरात, आणि बहुतेक मुसलमान घरांत, मगरिबच्या वेळी घर अंधारात ठेवत नाहीत. अजान झाली की आधी दिवा. शेजारच्या काकूंकडे त्याच वेळी तुळशीपाशी दिवा लागतो. मराठीत याला किती सुंदर शब्द आहे. दिवेलागण. त्यात सात वाजले की साडेसहा, हे कुठंच नाही. अंधारायला लागलं की दिवे लागतात, बस. आणि मी, आयुष्यभर मराठीत कविता लिहिणारा माणूस, यंत्राला ‘दिवेलागण’ शिकवायची सोडून ‘सात वाजता’ शिकवून बसलो होतो.

मग बसलो आणि शिकलो. मिरजेत जुलैच्या सुरुवातीला सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आतच. जवळपास सव्वा तासाचा फरक. यात एक गंमत आहे. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, हे आपण शाळेत शिकतो. पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो, तो आपल्याकडे जवळजवळ महिनाभर आधीच होऊन गेलेला असतो. डिसेंबरात संध्याकाळ हळूहळू लांबायला लागते आणि सकाळ मात्र उशिरा उशिरा उजाडत राहते. हे शास्त्रज्ञांइतकंच टाइमटेबल छापणाऱ्यांनाही ठाऊक असतं. गावागणिक कार्ड वेगळं छापावं लागतं ते याच हिशेबानं. मुंबई आणि नागपूर, घड्याळ दोघांचं एकच, पण नागपुरात सूर्य ऋतूप्रमाणे वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईचं कार्ड घेऊन नागपुरात रोजा सोडायचा म्हटलं तर अर्धा तास उगाच उपाशी राहावं लागेल.

होम असिस्टंट हा हिशेब स्वतः करतं. त्याला फक्त घराचे अक्षांश-रेखांश सांगायचे. इंटरनेट नसलं तरी त्याला त्या दिवशीचा सूर्यास्त कळतो. शिवाय सूर्यास्ताच्या इतकी मिनिटं आधी किंवा नंतर असंही सांगता येतं. आपल्याकडे संधिप्रकाश थोडा. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत वाचता येण्याजोगा उजेड संपतो. विलायतेत उन्हाळ्यात तोच पाऊण तास रेंगाळतो म्हणे, म्हणून तिकडच्या कवींना संध्याकाळ इतकी ऐसपैस मिळते. मी नियम बदलला. सूर्यास्तापूर्वी १० मिनिटं. त्या दिवसापासून अम्मीच्या मगरिबला घर कधी अंधारात राहिलं नाही.

हे सगळं नवं आहे असं मला वाटत होतं. तसं ते नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस गावी पिको नावाच्या कंपनीनं घरातल्या विजेच्या तारांवरूनच निरोप पाठवून दिवे लावायची-विझवायची युक्ती काढली होती. तिला एक्स-टेन म्हणत. पण स्कॉटलंडपर्यंत जायला नको. आमच्या मिरज तालुक्यातला ऊसवाला शेतकरी हे काम माझ्या मुलाच्या किती तरी आधीपासून करतोय. शेतीला वीज ठरावीक तासच, तीही बऱ्याचदा रात्री. मध्यरात्री उठून विहिरीवर कोण जाणार? काटा, साप. म्हणून त्यानं मोटरीला ‘ऑटो’ बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पुढं मोबाइलवर चालणारा स्टार्टर आला. घरी अंथरुणात पडून मिस्ड कॉल दिला की शिवारात पाणी सुरू. आता त्यातलं दुखणंही सांगतो. वीज आली की शिवारातले सगळे ऑटो एकाच क्षणी मोटर सुरू करतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. मग डीपी जळते आणि आठ दिवस सगळ्यांचंच पाणी बंद. वेळापत्रक प्रत्येकाचं एकच असलं की काय होतं, हे त्या डीपीला विचारावं.

विजेच्या जाळ्याला आपल्या बटणांशी केवढं देणंघेणं असतं, ते २०२० च्या ५ एप्रिलला सगळ्या देशाला दिसलं. रात्री ९ वाजता, ९ मिनिटं दिवे घालवायचे, असं आवाहन होतं. तेवढ्यात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली आणि नऊ मिनिटांनी परत वर. जलविद्युत केंद्रं आधीपासून तयारीत होती म्हणून निभावलं. आम्हीही तेव्हा हातानंच बटणं दाबली होती, घरात यंत्र नव्हतं.

आणि त्याच्याही आधी, माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवेल, आपण सगळेच एका वेळापत्रकावर जगत होतो. भारनियमन! २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्याच्या आगेमागेची ती वर्षं. आज सकाळचा गट, उद्या संध्याकाळचा. पेपरात तक्ता यायचा, तो कापून कपाटाला लावायचा. पीठ दळायचं, टाकी भरायची, इस्त्री करायची, सगळं तक्त्याप्रमाणे. आमची कविसंमेलनं कंदिलाच्या उजेडात व्हायची. कवीला स्वतःचं अक्षर दिसायचं नाही, त्यामुळं कविता पाठ असणारेच चमकायचे. त्या दिवसांनी अम्मीला एक सवय लावली. दिवा अचानक गेला की जागच्या जागी उभं राहायचं. धडपडायचं नाही. येईल. ही सवय लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर माझं वेळापत्रक. सूर्यास्ताचा नियम जमला आणि मला चटक लागली. नवा कवी जिथं तिथं उपमा घालतो तसे मी नियम घालत सुटलो. तीन-चार आठवड्यांत तेवीस नियम झाले. त्यातले काही खरोखर कामाचे होते. गिझरचंच घ्या. १५ लिटरच्या टाकीत हिवाळ्याचं गार पाणी कडकडीत तापवायला २ किलोवॉटच्या गिझरला वीसेक मिनिटं पुरतात. आमच्याकडे तो पहाटे लावला की कुणीतरी आठवण होईपर्यंत चालू. आता लागण्याची वेळ ठरलेली आणि विझण्याचीही. मात्र प्लग १६ अँपिअरचाच हवा. २ किलोवॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ६ अँपिअरचा छोटा प्लग त्याला लावला तर वितळेल. वायरमननं मला हे तीनदा सांगितलं, म्हणून मीही सांगतोय. आणखी एक. २०२५ च्या जुलैपासून महावितरणनं नवे मीटर बसलेल्या घरांना दिवसा नऊ ते पाच वापरलेल्या विजेवर प्रतियुनिट सवलत सुरू केली. त्यामुळं कपड्यांचं मशीन रात्री लावायची आमची जुनी सवय मोडून दुपारवर आणली. इस्त्री, शेगडी, खोली गरम करायचा हीटर, यांना मात्र वेळापत्रक लावू नये. ज्याच्यावर माणसाची नजर हवी, ते माणसानंच लावावं.

फजितीही झाली. एकदा रात्री वीज गेली आणि पहाटे तीनला आली. येताक्षणी घरातला प्रत्येक दिवा लागला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, पोर्च, जिना, सगळं लग्नघरासारखं लखलखीत. शेजारचे काका घाबरून बाहेर आले, म्हणाले, ‘काय झालं? सगळं ठीक ना?’ मुलाला फोन केला तेव्हा कळलं, वीज परत आल्यावर दिव्यानं काय करायचं हेही त्या तुकड्याला सांगून ठेवावं लागतं. लागून राहायचं, बंद राहायचं की आधी होतं तसं व्हायचं. मी काहीच सांगितलं नव्हतं. आणि बाहेरच्या खोलीत मुलानं हौसेनं एक रंग बदलणारा दिवा बसवला होता. त्यात अक्कल दिव्याच्याच पोटात. पत्नीनं सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की तो मेलेला. मग मोबाइलवरून कितीही हाका मारा. शिवाय त्याचा निरोप कुठल्यातरी दूरदेशीच्या संगणकाकडे जाऊन परत यायचा, म्हणजे नेट गेलं की तो रुसला. हातभर अंतरावरचा दिवा लावायला सातासमुद्रापलीकडे विचारायचं, हे मला काही पटलं नाही. तो दिवा आता कपाटात आहे.

आता जे सांगायचं म्हणून मी हा विषय घेतला, ते सांगतो.

अम्मी ऐंशीच्या पुढं आहे. तिच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत एक अरुंद पॅसेज आहे, मध्ये एक उंबरा. पॅसेजचा दिवा रात्री कुणीतरी लावायचं आणि तो सकाळपर्यंत जळत राहायचा. मला ते खुपायचं. म्हणून मी नियम लिहिला. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात पॅसेजचा दिवा कुणी लावला, तर पाच मिनिटांनी आपोआप बंद. पाच मिनिटं का? मी स्वतः उठून गेलो, परत आलो. तीन मिनिटं लागली. वर दोन मिनिटं सूट दिली. मला ते उदारपणाचं वाटलं होतं.

२०२५ च्या जानेवारीतली रात्र. चांगली थंडी होती. आवाजानं आम्ही उठलो तेव्हा अडीच वाजत आले होते. अम्मी उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर बसलेली, उजवा हात डाव्या हातात धरलेला. मनगट बघता बघता सुजलं. मिरजेत हाड मोडलं तर डॉक्टर शोधत फिरावं लागत नाही, एवढं आमचं गाव भाग्यवान आहे. सकाळपर्यंत प्लास्टर झालं. सहा आठवडे.

दवाखान्यातून आल्यावर मी टीव्हीमागच्या त्या डबीतली नोंद उघडली. ती सगळं लिहून ठेवते. पॅसेजचा दिवा लागला २ वाजून १२ मिनिटांनी. बंद झाला २ वाजून १७ मिनिटांनी. म्हणजे ती बाथरूममधून बाहेर येतेय न येतेय तोच. आणि पडली ती अडीचच्या सुमारास. मधली दहा मिनिटं?

मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘मैं समझी लाइट गई. आएगी बोलके खडी रही.’

भारनियमनाची ती सवय. दिवा गेला की उभं राहायचं. दहा मिनिटं ती अंधारात, थंडीत, भिंतीला हात लावून वीज यायची वाट बघत उभी होती. बटण दोन हातांवर होतं. पण वीजच गेलीय तर बटण दाबून काय उपयोग? शेवटी पाय दुखायला लागले म्हणून भिंत चाचपत निघाली आणि उंबऱ्याला अडखळली. मी विचारलं, हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, तुम्ही झोपला होता.

वीज गेली नव्हती. मी घालवली होती.

मुलगा फोनवर म्हणाला, ‘अब्बा, चूक माझी, मी तुम्हाला नीट शिकवायला हवं होतं.’ चूक त्याची नव्हती. यंत्राचीही नव्हती, त्यानं सांगितलं ते मिनिटाबरहुकूम केलं. पाच मिनिटं मी माझ्या पायांनी मोजली होती आणि चालायचं होतं तिला.

एक हिशेब मी त्या दिवसांत कागदावर मांडला, कारण मला स्वतःला तो बघायचा होता. पॅसेजमध्ये ९ वॉटचा एलईडी दिवा. अकरा ते पाच, सहा तास जळला तर रात्रीचे ५४ वॉट-तास. वर्षाचे वीस युनिट. सगळं वर्षभर तो दिवा एकही रात्र न विझता जळत राहिला असता तरी वीस युनिट. तेवढं वाचवायला मी तो नियम लिहिला होता.

मी सगळे नियम बंद केले. प्रणाली काढूनच टाकणार होतो. अम्मीनंच अडवलं. तिचं म्हणणं, सगळं काढू नको, मगरिबचा दिवा राहू दे. मग जरा थांबून म्हणाली, आणि ते गरम पाणी मला पहाटे मिळालं तर बघ.

गिझर मी साडेपाचला लावला होता. माझ्या आंघोळीसाठी. त्याच्या आधी ती वजूला कुठलं पाणी घेते, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. गार पाणी. जानेवारीत. वर्षानुवर्षं.

तेव्हा आम्ही एक वही केली. पत्नीची कल्पना. सात रात्री, आम्ही दोघं आळीपाळीनं जागे राहिलो. हाताला प्लास्टर, तिला आधार हवाच होता, त्यामुळं तिला त्यात वावगं वाटलं नाही. वहीत लिहायचं ते एवढंच, ती कधी उठते आणि परत कधी टेकते. मी त्याच घरात जन्मलो, पन्नास वर्षं तिच्यासोबत राहिलो, आणि तिची रात्र मला त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसली. दोनच्या सुमारास ती उठते. जाऊन यायला कधी अकरा मिनिटं, कधी चौदा. साडेचारला परत उठते, वजू करते, तहज्जुदची नमाज पढते. त्यानंतर फजरच्या अजानपर्यंत जवळजवळ तासभर पलंगावर तसबीह घेऊन बसते. दिवा बंद करून. मी विचारलं, अंधारात का? म्हणाली, दाराखालून उजेड बाहेर येतो, तुमची झोप मोडते.

माझ्या कवितांमध्ये रात्र पुष्कळदा आलीय. कौतुकही झालंय त्या ओळींचं. त्या सगळ्या रात्री मी झोपून काढल्या होत्या.

वहीवरून आम्ही दोघांनी, म्हणजे अम्मीनं आणि मी, नवे नियम केले. ती सांगायची, मी लिहायचो. तेवीसचे नऊ झाले. गिझर पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी लागतो, पंचवीसला बंद होतो. माझ्या आंघोळीचं मी माझं बघतो. पॅसेजला रात्रीसाठी कुठलाच नियम नाही. तिथं उंबऱ्याजवळच्या सॉकेटमध्ये अर्ध्या वॉटचा छोटा दिवा लावलाय. पूर्वीचा तो झिरोचा बल्ब आठवतो? नाव झिरो, पण खायचा बारा-पंधरा वॉट. हा खरोखरच काही खात नाही. रात्रभर जळला तरी वर्षाला दोन-सव्वादोन युनिट. आणि सगळ्या नियमांच्या वर एक नियम, जो मुलानं फोनवरून बसवून दिला. माणसानं हातानं लावलेला दिवा यंत्रानं विझवायचा नाही. तो ज्यानं लावला त्यानंच, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसानं विझवावा. बिल किती का येईना.

ज्यांच्या घरी असं काही बसवायचं चाललंय, त्यांना मी एवढंच विचारतो, की घरात सर्वांत सावकाश चालणारं माणूस कोण आहे, त्याच्याबरोबर एकदा घड्याळ लावून चालून बघितलंत का?

प्लास्टर निघालं ते रमजानच्या दोन-तीन दिवस आधी. मार्चच्या २ तारखेला पहिला रोजा होता. नवीन कार्ड आलं, जुनं निघालं. अम्मीनं डाव्या हातानं ते फ्रिजवर चिकटवलं, उजव्यात अजून जोर नव्हता. मी यंत्रातला सूर्यास्त आणि कार्डातला इफ्तार ताडून पाहिला, तर दोन-तीन मिनिटांचा फरक. कार्डवाले खबरदारी म्हणून थोडी मिनिटं वाढवून छापतात. मी अम्मीला म्हटलं, यंत्र म्हणतंय सूर्य मावळला. ती खजूर हातात धरून बसली होती. म्हणाली, ‘दिवा उसका सुनता, मैं अजान सुनती.’

आता एकच गोष्ट राहिली. अम्मी पडल्यावर मुलाला पुण्यात झोप लागेना. त्यानं सुचवलं, दादीच्या खोलीत हालचाल ओळखणारी एक डबी लावू. ती उठली की पॅसेजचा दिवा लागेल आणि खूप वेळ हलली नाही तर मला मोबाइलवर निरोप येईल. तो प्रेमानंच म्हणत होता. मलाही पटलं होतं. अम्मीला समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, म्हणजे मी रात्री किती वेळा उठले ते पुण्यात कळणार? मी म्हटलं, हो, तसं कळेल. ती म्हणाली, ‘काय कू?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मुलाकडे होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. ती जी तासभर अंधारात बसते, ते तिचं आणि तिच्या अल्लाहचं. आम्ही वहीत लिहिलं तेच जास्त झालं होतं. डबी लागली नाही. टीव्हीमागच्या संगणकातली पॅसेजची नोंदही मी बंद करून टाकली. दिवा लागतो, विझतो, पण कधी, ते आता कुठं लिहिलं जात नाही. त्याऐवजी तिच्या उशाशी एक साधी बिनतारी बेल ठेवली. दाबली की आमच्या खोलीत वाजते.

मुलाला हे फारसं आवडलं नाही. तो अजून रोज सकाळी फोन करतो. सकाळच्या बातम्या लागल्या की अम्मीचा चहा होतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तेवढ्यातच बरोबर करतो.

बेल आजवर एकदाच वाजली. रात्री सव्वाअकराला. आम्ही दोघं धावत गेलो. अम्मी पलंगावर बसलेली, रेडिओ कानाशी धरून. सेल संपले होते.